रस्त्यावरील फळी आणि तिचें चित्रदप्तर

इतिहासाच्या अभ्यासकास दप्तराची संवय असते. कागद सांपडला कीं त्याला धीर येतो. कागद नसेल तर शिलालेख, ताम्रपट, नाणें, निदान एखादी बखर तरी त्यास हवी असते. कै. राजवाडे गांवोगांव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल धुंडाळीत ते याच श्रद्धेनें. परंतु ज्यांनीं आपल्या कलेविषयीं कागद क्वचितच लिहिला, ज्यांस पोलिसांनीं चौकाचौकांतून हांकून लाविलें, आणि ज्यांची कर्तबगारी दोन सेकंदांत घडून हवेंत विरून जाते, अशा लोकांच्या कलेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास साधनें कोठून आणावयाचीं? अमेरिकेंतील रस्त्यांवर चाकांची फळी घेऊन खेळणाऱ्या पोरांनीं या प्रश्नाचें उत्तर आपल्यापुरतें मोठ्या चमत्कारिक रीतीनें दिलें आहे. तें आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. पोरखेळास साहित्याच्या मासिकांत जागा कशाला, अशी शंका कोणाच्या मनांत येईल; परंतु मल्लखांबाचा उगम शोधण्यांत ज्यांस कमीपणा वाटत नाहीं त्यांनीं ती क्षणभर बाजूस ठेवावी, एवढीच विनंति.

स्केटबोर्ड म्हणजे सुमारें अडीच फूट लांब व आठ इंच रुंद अशी लांकडी फळी. तिच्या खालीं धातूचे दोन आंस आणि चार लहान चाकें. स्वाराचे पाय फळीस बांधलेले नसतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सगळी गंमत त्यांतच आहे. १९५० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांनीं, समुद्र शांत असेल त्या दिवशींची करमणूक म्हणून, हें वाहन प्रचारांत आणिलें. १९६५ सालीं 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅक्‌गी ही तरुणी धांवत्या फळीवर हात टेंकून व पाय आकाशाकडे करून उभी असलेली लोकांनीं पाहिली. त्याच वर्षीं नोएल ब्लॅक यानें काढलेला 'स्केटरडेटर' हा एकही संवाद नसलेला लघुपट पुढें कान येथील महोत्सवांत लघुपटांच्या सर्वोच्च पारितोषिकास पात्र ठरला. म्हणजे या खेळाचा व चालत्या चित्रांचा संबंध अगदीं बाळपणापासूनचा आहे. पण तें वेड लवकरच ओसरलें. चाकें भाजलेल्या मातीच्या मिश्रणाचीं होतीं. वाटेंत हरभऱ्याएवढा खडा आला कीं चाक जागच्या जागीं थांबे आणि स्वार पुढें फेंकला जाई. १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत फ्रँक नॅसवर्दी यानें युरेथेनचीं चाकें बाजारांत आणलीं, तेव्हां कोठें ही फळी रस्त्याला चिकटून धांवूं लागली.

पुढचा अध्याय पुष्कळांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो आम्ही थोडक्यांत आटपतों. सांता मोनिका येथील 'झेफिर' नांवाच्या दुकानाच्या पथकानें १९७५ सालीं डेल मारच्या स्पर्धेंत, वांकून व हात जमिनीस लावून खेळण्याची जी तऱ्हा दाखविली तिनें जुने सभ्य खेळाडू गांगरून गेले. १९७६ व १९७७ सालीं कॅलिफोर्नियांत अवर्षण पडलें. श्रीमंतांच्या परसांतील पोहण्याचे हौद कोरडे पडले. आणि हीं पोरें कुंपणावरून उड्या टाकून त्या हौदांच्या वळणदार भिंतींवर चढूं-उतरूं लागलीं. या पर्वाचें चित्रण २००१ सालच्या 'डॉगटाऊन अँड झी-बॉईज' या माहितीपटांत आहे. त्याचा कर्ता स्टेसी पेराल्टा हा त्याच पथकांतील गडी. बखरकार स्वतःच रणांत असला म्हणजे बखरीस जो रंग चढतो व जी सावधगिरी वाचकानें बाळगावी लागते, तीं दोन्ही येथें लागू आहेत. पुढें खेळाडूंसाठीं सिमेंटचीं क्रीडोद्यानें बांधलीं गेलीं; परंतु अपघातांच्या जबाबदारीचा विमा परवडेना, म्हणून तीं दशक संपतां संपतां भराभर बंद पडलीं. हौद परक्याचे आणि उद्यानें बंद, अशी स्थिति झाल्यावर उरला तो रस्ता.

रस्त्यावर यावयास एक विद्या मात्र हवी होती. फ्लोरिडांतील अ‍ॅलन गेल्फंड या मुलानें १९७८ च्या सुमारास वळणदार भिंतीच्या टोंकाशीं, हात न लावतां, फळीसह हवेंत उसळी घेण्याची युक्ति काढली. त्याच्या टोपणनांवावरून तिला 'ऑली' म्हणतात. फ्लोरिडाच्याच रॉडनी मलन यानें १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती सपाट जमिनीवर आणली. मागील पायानें फळीचें शेंपूट जमिनीवर आपटावयाचें, पुढचें टोंक वर उठतांच पुढला पाय फळीवरून घासत पुढें न्यावयाचा, आणि दोन्ही पायांखालीं फळी समतल होऊन स्वाराबरोबर वर येते. वाचावयास सोपें आहे. करून पाहणाऱ्यास महिने लागतात. एवढी एक उसळी साधल्याबरोबर शहराचें रूप पालटलें. पायऱ्या या उतरण्यासाठीं राहिल्या नाहींत, ओलांडण्यासाठीं झाल्या. बांकाची कड बसण्याऐवजीं आंस घासत जाण्याजोगी झाली. मार्क गॉन्झालेस व नेटस कौपस या दोघांनीं १९८५ च्या आगेमागें जिन्यांच्या लोखंडी कठड्यांवरही फळी घातली, तेव्हां पाहणारांस तें वेड वाटलें असल्यास नवल नाहीं. वास्तुकारानें एका हेतूनें बांधलेली वस्तु दुसऱ्याच हेतूनें वाचण्याची ही कला आहे असें आम्हांस वाटतें. संस्कृत श्लेषाची ज्यांस गोडी आहे त्यांस ती समजावयास जड जाऊं नये.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. क्रिकेटला मैदान आहे, पंच आहे, धांवांची वही आहे. रस्त्यावरील फळीला यांपैकीं कांहींच नव्हतें. स्पर्धा होत, पण त्या बहुधा बांधीव उतारांवर होत. मासिकें होतीं: सॅन फ्रान्सिस्कोचें 'थ्रॅशर' १९८१ सालीं निघालें आणि 'ट्रान्सवर्ल्ड' १९८३ सालीं. त्यांतील छायाचित्रें उत्तम असत. परंतु छायाचित्राचा एक मोठा दोष आहे. त्यांत माणूस हवेंत दिसतो. तो पुढें फळीवर उभा राहिला कीं पालथा पडला, हें त्यांत दिसत नाहीं. आणि या कलेंत सर्व कांहीं त्या 'पुढें'वर अवलंबून आहे. हा पुराव्याचा प्रश्न घरोघर आलेल्या व्हिडिओ यंत्रानें सोडविला.

१९८४ सालीं पेराल्टा यानें जॉर्ज पॉवेल याच्या भागीदारींत चालविलेल्या आपल्या कारखान्यातर्फे 'बोन्स ब्रिगेड व्हिडिओ शो' ही फीत काढली. वस्तुतः ती जाहिरात होती, आणि हें लपविण्याचें कारण नाहीं. पुष्कळ राजदप्तरेंही वसुलीच्याच हिशेबासाठीं ठेविलीं गेलीं व आतां आम्ही त्यांतून समाज शोधतों. १९८५ च्या 'फ्यूचर प्रिमिटिव्ह'मध्यें टॉमी गरेरो हा सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउताराच्या रस्त्यांवरून ज्या सहजतेनें उतरत येतो, त्या कांहीं मिनिटांनीं रस्त्याचा खेळ जितका पसरविला तितका कोणत्याही स्पर्धेनें पसरविला नसेल. १९८७ च्या 'सर्च फॉर अ‍ॅनिमल चिन'मध्यें कथानकाचाही प्रयत्न आहे. तो अगदींच बेताचा आहे. १९८८ सालीं 'एच-स्ट्रीट' या नव्या मंडळीची 'शॅकल मी नॉट' ही फीत आली, ती मात्र घरगुती कॅमेऱ्यानें मित्रांनींच घेतलेली. चित्र हालतें, प्रकाश कमीजास्त होतो; पण जें दिसतें तें शेजारच्या गल्लींत घडल्यासारखें दिसतें. समुद्रापासून हजार मैलांवरील गांवांतला पोरगा ती फीत यंत्रांत घालून मागें-पुढें फिरवी, एकेक उसळी थांबवून पाही, आणि मग अंगणांत जाऊन पडत असे. एकलव्यासमोर मातीचा द्रोण होता. याच्यासमोर फितींतील गुरु होता. फरक इतकाच कीं येथें गुरुदक्षिणेंत अंगठा द्यावा लागत नसे, नवी फळी विकत घ्यावी लागे.

१९९१ सालीं 'ब्लाइंड' कंपनीची 'व्हिडिओ डेज' निघाली. ती स्पाइक जोन्झ या तरुण छायाचित्रकारानें केली होती. पुढें याच गृहस्थास 'हर' या चित्रपटाच्या पटकथेबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें. फीत अर्ध्या तासाहूनही लहान. गाय मॅरिआनो या पोरसवदा मुलाचा भाग 'जॅक्सन फाइव्ह'च्या गाण्यावर बसविला आहे, तर गॉन्झालेसचा जॉन कोल्ट्रेनच्या जॅझवर. गॉन्झालेसचा भाग आम्हीं पुनःपुनः पाहिला. तो कठीण तें करतो, पण कठीण म्हणून करीत नाहीं. भिंत दिसली म्हणून भिंतीकडे वळतो, मध्येंच कांहीं सुचलें म्हणून तें करून टाकतो. गायकानें राग मांडतांना एखाद्या स्वरावर अनपेक्षित रेंगाळावें तसें तें आहे. या फितीनंतर प्रत्येक खेळाडूचा तीन-चार मिनिटांचा 'भाग', त्याला एक गाणें, आणि शेवटचा भाग सर्वांत मानाचा, हा सांचा पक्का झाला. तीन मिनिटांच्या अशा भागासाठीं खेळाडू एक-दोन, प्रसंगीं तीन वर्षें झिजतो.

येथेंच या कलेचें शास्त्र दिसूं लागतें. कोणीं सभा भरवून ठराव केला नाहीं, तरी पुराव्याचे नियम ठरत गेले. उसळी, उतरणें आणि उतरल्यावर फळीवरून पुढें जाणें हें एकाच अखंड दृश्यांत दिसलें पाहिजे. मध्यें कातर चालतां कामा नये. उतरतांना हात जमिनीस लागला तर तें बाद. १९९५ सालीं सोनी कंपनीचा व्हीएक्स-१००० हा कॅमेरा आला; वरील मुठीनें तो जमिनीलगत धरतां येई, त्याला मत्स्यनेत्री भिंग लावीत, आणि चित्रण करणारा स्वतःही दुसऱ्या फळीवरून खेळाडूच्या मागोमाग धांवे. चाकांचा रस्त्यावरील खरखराट व लांकडाचा टणत्कार त्यांत असा उमटे कीं डोळे मिटले तरी जमीन डांबरी कीं फरसबंदी हें कळावें. ज्यानें हें चित्रण केलें त्याचें नांव बहुधा मागाहून सरकणाऱ्या नामावळींत बारीक अक्षरांत असे. लेखनिकाच्या नशिबीं सर्वत्र हेंच येतें.

पुराव्याहूनही आम्हांस विशेष वाटली ती पूर्वसूरींची आठवण. समजा, एखाद्या शहरांत बारा पायऱ्यांचा एक जिना प्रसिद्ध आहे. त्यावरून कोणी एक उसळी घेतली व ती फितींत आली. आतां दुसऱ्या खेळाडूनें तेथें जाऊन तीच उसळी घेतली तर तिला किंमत नाहीं. 'हें पूर्वीं झालें आहे' एवढें म्हटलें कीं खटला संपला. त्यानें तिच्याहून अवघड, निदान वेगळें, कांहीं केलें पाहिजे. म्हणजे जिन्यापाशीं जाण्यापूर्वीं त्या जिन्याचा इतिहास ठाऊक असणें भाग! शाळेंत सनावळीचा कंटाळा करणाऱ्या मुलांस कोणत्या चौकांत, कोणीं, कोणत्या सालच्या फितींत काय केलें, हें मुखोद्गत असतें. आमच्या वर्गांतील विद्यार्थी पानिपताविषयीं इतके तत्पर असते तर आमचें काम पुष्कळ हलकें झालें असतें. गॉन्झालेस यानें १९८६ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या एंबार्काडेरो चौकांतील दोन चौथऱ्यांमधली जी फट ओलांडली तिला त्याचेंच नांव मिळालें, आणि पुढील दशकांत त्या विटांच्या चौकांत जे आले त्यांनीं त्या फटीवर एकेक नवा पाठ लिहिला. माइक कॅरोल व त्याच्या सोबत्यांचे तेथील पराक्रम 'प्लॅन बी' मंडळीच्या १९९२ च्या 'क्वेश्चनेबल' फितींत पाहावयास मिळतात.

परंतु साधनाची स्तुति करतांना त्याचे दोष झांकणें हें इतिहासकाराचें काम नव्हे. फीत खोटें बोलत नाहीं, पण ती पुष्कळ कांहीं बोलतच नाहीं. जें एकदां साधलें तें दिसतें. त्यापूर्वींचे पन्नास प्रयत्न, फुटलेली ढोपरें, मुरगळलेले घोटे हे गाळले जातात. पाहणारा समजतो कीं हीं माणसें पडतच नाहींत. १९९६ च्या 'वेल्कम टु हेल'मध्यें पडझडीचा एक स्वतंत्र भागच दिला आहे. तो पाहवत नाहीं, परंतु प्रामाणिकपणाच्या दृष्टीनें त्याची योग्यता मोठी. याच फितींत एलिसा स्टीमर हिचा संपूर्ण भाग आहे. पुरुषांच्या मंडळीच्या फितींत एका स्त्रीनें स्वतःच्या हक्कानें असा भाग मिळविणें ही त्या वेळीं अपूर्व गोष्ट होती. आणि ती अपूर्व असावी यांतच त्या दप्तराचा दुसरा दोष उघड होतो. कॅमेरा ज्याच्या मित्राजवळ, त्याचाच इतिहास. मत्स्यनेत्री भिंगाची करामत वेगळीच; तें जवळून धरलें कीं चार पायऱ्या सहा भासतात. शिवाय कंपन्यांना दरवर्षीं अधिक उंच, अधिक लांब असें कांहीं हवें असे. त्या चढाओढींत किती तरुणांचे सांधे कायमचे गेले याचा हिशेब कोणत्याच फितींत नाहीं.

पूर्वेकडील शहरांचें वळण निराळें. तेथील रस्ते खडबडीत, हिवाळा कडक, जागा अरुंद. डॅन वुल्फ याच्या १९९६ च्या 'ईस्टर्न एक्स्पोजर ३'मध्यें रिकी ओयोला हा फिलाडेल्फियाच्या रस्त्यांतून वाटेंत येईल तें अंगावर घेत लांबच्या लांब, न थांबतां, जातो. एकेक अचाट उडी दाखविण्यापेक्षां शहराचा परिच्छेदच्या परिच्छेद वाचून दाखविण्याची ही रीति आम्हांस अधिक प्रौढ वाटते. आणि फिलाडेल्फियाचें नांव निघालें म्हणजे 'लव्ह पार्क'ची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

या चौकाची मूळ कल्पना एडमंड बेकन यांची. १९३२ सालीं कॉर्नेल विद्यापीठांत विद्यार्थी असतांना त्यांनीं ती आपल्या प्रबंधांत मांडली. पुढें १९४९ पासून १९७० पर्यंत ते फिलाडेल्फियाच्या नगररचना मंडळाचे प्रमुख होते आणि १९६५ सालीं चौक प्रत्यक्षांत आला. ग्रॅनाइटची फरसबंदी, रुंद पायऱ्या, लांब दगडी बांकें, मध्यें कारंजें. दुपारच्या सुटींत कारकुनांनीं येऊन बसावें अशी योजना. पण जागा पुष्कळ वेळ ओसाडच असे. फळीवाल्यांनीं ती पाहिली आणि १९९० नंतरच्या दशकांत ती जगप्रसिद्ध केली. टोकियोंतला व पॅरिसमधला पोरगा फिलाडेल्फियाचें स्वातंत्र्यमंदिर ओळखीलच असें नाहीं, पण त्या बांकाची कड तो ओळखी, कारण ती त्यानें फितींत शंभरदां पाहिलेली असे. नगरपालिकेनें येथें खेळण्यास बंदी केली होती. गंमत अशी कीं २००१ व २००२ सालीं याच शहरानें 'एक्स गेम्स' या मोठ्या क्रीडासामन्यांचें यजमानपद मिरविलें, आणि २००२ सालींच चौकाची दुरुस्ती काढून बंदीचा अंमल कडक केला. तेव्हां त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यांत ब्याण्णव वर्षांचे बेकन डोक्यास शिरस्त्राण घालून चौकांत आले, आणि माणसांच्या आधारानें फळीवर उभे राहून त्यांनीं ती चार पावलें चालविली. ज्यानें चौक कल्पिला त्यानेंच त्या चौकांतील कायदा उघडपणें मोडला! २००४ सालीं एका पादत्राणांच्या कंपनीनें चौक खेळास खुला करण्याच्या अटीवर दहा लक्ष डॉलर देऊं केले. नगरपालिकेनें ते नाकारले. बेकन २००५ सालीं वारले. २०१६ च्या फेब्रुवारींत, चौक उखडण्यापूर्वींचे शेवटचे कांहीं दिवस, महापौरांनीं बंदी उठविली. थंडीवाऱ्यांत लोक आले, खेळले, आणि अर्थात् त्याचेंही चित्रण झालें. नंतर चौक नव्यानें बांधला गेला. जुन्यांतील कांहीं ग्रॅनाइट फरशा समुद्रापार स्वीडनमधील माल्मो शहरीं नेऊन तेथें खेळाडूंसाठीं बसविल्या आहेत.

लंडनची कथा याहून सुखाची झाली. थेम्सच्या दक्षिण तीरावरील क्वीन एलिझाबेथ हॉल ही इमारत १९६७ ची; तिच्या पोटाखालची सिमेंटची उतरती जागा १९७० नंतरच्या दशकापासून खेळाडूंच्या ताब्यांत आहे. २०१३ सालीं तेथें दुकानें काढून खेळ दुसरीकडे हलविण्याचा बेत निघाला. मोठी चळवळ झाली व २०१४ सालीं समेट होऊन जागा राहिली. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत वास्तुकलेचा इतिहास शिकविणाऱ्या इअन बॉर्डन यांनीं २००१ सालींच या खेळावर विद्वत्तापूर्ण ग्रंथ लिहिला होता. विद्यापीठें उशीरां कां होईना येतात.

गेल्या वीस वर्षांत फितीचें रूप बदललें. प्रथम तबकड्या आल्या. मग २००५ पासून यूट्यूब आलें. २०१३ सालीं इन्स्टाग्रामवर पंधरा सेकंदांचीं चित्रें फिरूं लागलीं. पूर्वीं वर्षांतून दोन-चार फिती येत व त्या झिजेपर्यंत पाहिल्या जात. आतां दिवसाकांठीं शेंकडों तुकडे येतात आणि संध्याकाळपर्यंत विसरले जातात. पण याच मार्गानें ब्राझीलमधील इंपेरात्रिझ गांवची रायसा लिआल ही सात वर्षांची मुलगी, परीचा निळा वेष घालून, पायऱ्यांवरून फळी फिरवीत उतरतांना २०१५ सालीं जगास दिसली. २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत हा खेळ प्रथमच घेण्यांत आला, तेव्हां स्त्रियांच्या रस्ता-प्रकारांत तिनें रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशिया हिचें. दोघीही तेरा वर्षांच्या. पंच आले, गुण आले, धांवांची वहीही आली. जुन्यांपैकीं पुष्कळांस हें रुचलें नाहीं, आणि त्यांचें दुःख आम्ही समजूं शकतों. तथापि त्या दोन मुलींच्या चेहऱ्यांवरील आनंद पाहून तक्रार करावयास जीभ रेटत नाहीं.

प्रश्न राहतो तो दप्तराचा. चुंबकीय फीत ही ताडपत्राइतकी चिवट नाहीं. कांहीं दशकांत तिच्यावरील लेप सुटूं लागतो, आणि ती वाचणारीं यंत्रेंही दुर्मिळ होत चाललीं आहेत. अनेक फितींत गाणीं परवानगीवांचून घातलेलीं, त्यामुळें त्या पुनः प्रसिद्ध करणेंही कठीण. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत टोनी हॉक याची पहिली फळी जपून ठेविली आहे, हें योग्यच झालें. परंतु फळी ही तलवार आहे, लढाईचा वृत्तान्त फितींत आहे. आज तो वृत्तान्त टिकला आहे तो मुख्यतः हौशी मंडळींनीं आपल्या कपाटांतील फिती एकेक करून उतरवून ठेविल्यामुळें.

ज्या जागांचा तो वृत्तान्त, त्या तर भराभर जात आहेत. एंबार्काडेरोजवळच एक जिना होता. त्याच्या दोहों बाजूंस उतरते दगडी कठडे. कोकेनच्या एका जातीस तेथील बोलींत 'हब्बा' म्हणत, आणि तें ओढणारे तेथें दडून बसत, म्हणून खेळाडूंनीं त्या जागेस 'हब्बा हाइडआऊट' असें नांव ठेविलें. १९९० नंतरच्या किती तरी फितींत ते कठडे आहेत. २०११ सालीं ते पाडण्यांत आले. परंतु जिन्यालगतच्या कोणत्याही उतरत्या कठड्यास आतां सर्व जगांत 'हब्बा' म्हणतात. स्पर्धांसाठीं नवीं मैदानें आंखतांना त्यांच्या नकाशांतही तोच शब्द येतो, आणि तेथें खेळावयास येणाऱ्या बहुतेक मुलांचा जन्म मूळचा जिना नाहींसा झाल्यानंतरचा असतो.